अडतीस टक्के आले म्हणजे चोरी झाली का?

“सर, अडतीस टक्के आलंय. आता माझं रजिस्ट्रेशन जातंय काय ओ?”

चंदगडहून पहाटेची एसटी धरून आलेली पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर उभी होती. हातात प्रबंधाचा सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे प्रबंधातला किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो ते सांगणारा अहवाल, पानापानावर रंगीत पट्टे. रात्रभर झोप नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. तिला बसवलं, पाणी दिलं आणि दोघांनी मिळून रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचायला घेतला. अडतिसातले बारा टक्के संदर्भसूचीचे निघाले. नऊ टक्के अवतरणचिन्हांत रीतसर घेतलेल्या उताऱ्यांचे. दहा टक्के तिच्याच एका छापून आलेल्या लेखाशी जुळत होते, आणि तो लेख याच प्रबंधातल्या प्रकरणावर बेतलेला होता. राहिले सात. त्यातलीही बरीच वाक्यं ‘प्रस्तुत संशोधनासाठी सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब करण्यात आला’ अशा छापाची.

हे सगळं तिला सहा महिने आधीच सांगता आलं असतं. पण असं काही विचारायला ग्रंथालयात जायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या घरातली विद्यापीठापर्यंत पोचलेली ती पहिलीच. अशी मुलं-मुली दरवर्षी आमच्याकडे येतात, बहुतेक वेळा उशिरा येतात आणि येताना अपराधी चेहऱ्याने येतात. म्हणून विद्यापीठातली शैक्षणिक मदत म्हणजे नेमकं काय, ती कुठे मिळते आणि ती आतून कशी चालते, हे जमेल तितक्या सोप्या भाषेत इथे मांडतो आहे.

कोल्हापूरकरांना ही कल्पना परकी नाही. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी इथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं, आणि पुढच्या काळात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. शाळा-कॉलेजं तेव्हाही होती. पण खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नाही आणि दोन वेळच्या जेवणाची सोय नाही, तर नुसत्या प्रवेशाचा त्याला काय उपयोग, हे महाराजांनी ओळखलं होतं. कुंभोजचे भाऊराव पाटीलही इथल्याच जैन बोर्डिंगात राहून शिकले. पुढे त्यांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ रुजवलं, आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सागरमाळावर सुरू झालेल्या शिवाजी विद्यापीठानेही तो वारसा चालवला. आजच्या मुलाला अडतं ते वेगळ्या ठिकाणी. त्याला लेख उघडता येत नाही, रिपोर्ट वाचता येत नाही, शोध कुठून सुरू करायचा ते कळत नाही. शैक्षणिक मदतीच्या सोयी म्हणजे या अडचणींवरचं बोर्डिंग, असं मी मुलांना सांगतो.

अडचण एवढीच की या सोयींची एकच खिडकी नसते. ग्रंथालय, संगणक विभाग, परीक्षा विभाग, विद्यार्थी विकास विभाग, समुपदेशन, दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा कक्ष, दूरशिक्षण केंद्र असे दरवाजे वेगवेगळे असतात आणि कुठला प्रश्न कुठे न्यायचा हे नव्या माणसाला कळत नाही. कळेनासं झालं तर पहिलं दार ग्रंथालयाचं वाजवा. मी ग्रंथपाल आहे म्हणून हे सांगत नाही. संदर्भ विभागात बसणाऱ्या माणसाचं कामच मुळी ‘हे कुठे मिळेल’ या प्रश्नाचं उत्तर देणं हे असतं. आपल्या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे ‘वाचकाचा वेळ वाचवा’.

आता त्या टक्क्यांकडे येऊ.

सॉफ्टवेअर तुमचा मजकूर तुकड्या-तुकड्याने घेतं आणि आपल्या साठ्यातल्या मजकुराशी ताडून बघतं. जिथे शब्दांची रांग जुळते तिथे रंग देतं. त्याला चोरी कळत नाही, त्याला सारखेपणा कळतो. वाङ्मयचौर्य झालं की नाही हे माणसाने रिपोर्ट वाचून ठरवायचं असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ साली याबाबत नियम केले. १० टक्क्यांपर्यंत सारखेपणा असेल तर कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांत प्रबंध दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत पुन्हा द्यायचा, आणि ही मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते. ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण हे टक्के मोजताना काय वगळायचं तेही याच नियमांत लिहिलं आहे. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, मनोगत (प्रीफेस), ऋणनिर्देश, कायदे, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं मोजायची नाहीत. सर्वसामान्य माहितीची किंवा योगायोगाने जुळलेली सलग चौदा शब्दांपर्यंतची रांगही धरायची नाही. चंदगडच्या त्या मुलीचा रिपोर्ट हे काहीच न वगळता काढलेला होता. स्वतःच्या छापील लेखाचा भाग असेल तर तो लेख याच संशोधनातून आला आहे, असं मार्गदर्शकांचं पत्र सोबत जोडावं लागतं. तेही तिला ठाऊक नव्हतं.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. टक्के कमी आले म्हणजे काम अस्सल, असंही नाही. जुन्या मराठी पुस्तकांचा फार मोठा भाग अजून संगणकावर शोधता येईल अशा रूपात आलेलाच नाही. त्यातून कुणी पानंच्या पानं उतरवली तरी यंत्राला पत्ता लागणार नाही. तो गाईडला लागतो, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आलेल्या परीक्षकाला लागतो. म्हणून टक्के खाली आणायला शब्द फिरवत बसू नका. ‘केले’चं ‘करण्यात आले’ करून रंग पुसला जाईल, पण कल्पना दुसऱ्याचीच राहील. मूळ उतारा वाचा, पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत लिहा आणि कुठून घेतलं ते नोंदवा. एवढं केलं तर रिपोर्टची भीती बाळगायचं कारण उरत नाही.

फॉन्टची गोष्ट

मराठीत लिहिणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा, कारण याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आपल्याकडे प्रबंध अजूनही डीटीपी सेंटरवर टाईप होतात आणि पुष्कळदा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होतात. या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसतं मराठी, पण संगणकाच्या पोटात साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कृतिदेवमध्ये तुम्हाला ‘क’ दिसतो, पण आत साठवलेला असतो इंग्रजी ‘डी’. फॉन्ट त्या ‘डी’वर फक्त ‘क’चा मुखवटा चढवतो. युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथे ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो.

यातून तीन गोष्टी होतात. जुन्या फॉन्टमधला प्रबंध सिमिलॅरिटीला लावला तर यंत्राला त्यात मराठी दिसतच नाही, त्यामुळे शून्य-एक टक्का येतो आणि सगळे खूश होतात. त्या रिपोर्टला काडीचा अर्थ नसतो. दुसरं, भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध जिथे ठेवले जातात त्या शोधगंगा भांडारात असा प्रबंध चढला तरी मराठी शब्द टाकून त्याच्या आतलं काही शोधता येत नाही. चार-पाच वर्षं राबून केलेलं काम असून नसल्यासारखं होतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. एनव्हीडीए नावाचं असं एक सॉफ्टवेअर मोफत मिळतं. युनिकोडमधलं मराठी ते वाचून दाखवू शकतं. जुन्या फॉन्टमधल्या नोट्स त्याला दिल्या की ते ‘डी, के, स्लॅश’ असं काहीतरी बरळतं. आपल्या नोट्स वर्गातल्या एका विद्यार्थ्यासाठी बंद आहेत, याची शिक्षकाला कल्पनाही नसते.

आपली फाईल कुठल्या प्रकारातली आहे हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर जुना फॉन्ट. जुना निघाला तर रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, तेव्हा एकदा पूर्ण वाचावंच लागतं. ग्रंथालयातले किंवा संगणक विभागातले लोक रूपांतर करून द्यायला मदत करतात. टाईप करायला देतानाच ‘युनिकोडमध्ये हवं’ एवढं सांगितलंत तर पुढचा हा व्याप वाचेल.

घरी गेलं की लेख का उघडत नाही

“कॅम्पसवर उघडत होतं, गारगोटीला घरी आलो आणि पैसे मागायला लागलं.” ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

संशोधनाची जर्नल्स, म्हणजे संशोधन लेख छापणारी नियतकालिकं, महाग असतात. बाहेरच्या माणसाला एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मागणारे प्रकाशक सर्रास आहेत. विद्यापीठ वर्गणी भरतं तेव्हा ते प्रकाशकाला आपल्या नेटवर्कचा पत्ता कळवतं. त्या पत्त्यावरून आलेल्या प्रत्येकाला लेख मोफत उघडतो. तुम्ही घरच्या मोबाईल डेटावर गेलात की पत्ता बदलतो आणि प्रकाशकाच्या लेखी तुम्ही गिऱ्हाईक होता. यावर उपाय म्हणजे बाहेरून लॉगिन. विद्यापीठाने दिलेल्या नाव-पासवर्डने आत शिरलात की तुम्ही या संस्थेचे आहात हे प्रकाशकाला कळतं. हे लॉगिन मागून घ्यावं लागतं आणि ते ग्रंथालयात मिळतं. शिवाजी विद्यापीठात त्यासाठी जायचं ते बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात.

यात अलीकडे मोठा बदल झाला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० जर्नल्स. केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना ही जर्नल्स एकाच वर्गणीत खुली झाली. व्यवहार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं केंद्र बघतं. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी भरायचं, त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या मुलाला दिसणारं जर्नल आपल्याकडच्या मुलाला दिसत नसे.

अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटचाच एन-लिस्ट हा वेगळा कार्यक्रम आहे. कॉलेजने नाममात्र वार्षिक शुल्क भरलं की प्रत्येक विद्यार्थ्याला आणि प्राध्यापकाला स्वतंत्र लॉगिन मिळतं आणि सहा हजारांहून जास्त जर्नल्स घरबसल्या वाचता येतात. कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांत असं शुल्क भरणारी कॉलेजं आहेत. माझा अनुभव असा की कॉलेज पैसे भरतं, यादीही करतं आणि पासवर्ड वर्षभर कपाटातल्या फाईलमध्ये पडून राहतात. तुमच्या ग्रंथपालांना जाऊन विचारा, “एन-लिस्टचं माझं लॉगिन तयार आहे का?” हा एक प्रश्न पुरतो.

लॉगिन मिळालं तरी शोधता यायला हवं. गेल्या वर्षी एक मुलगा गुळावर काम करत होता. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, विषय अगदी आपल्या मातीतला. तो ‘जॅगरी’ हा इंग्रजी शब्द टाकून शोधत होता आणि भारतातले मोजके लेख मिळाल्यावर “सर, यावर कामच झालेलं नाही” असं सांगायला आला. जगात या पदार्थाला ‘नॉन-सेंट्रिफ्युगल केन शुगर’ म्हणतात, म्हणजे मळी वेगळी न काढता केलेली उसाची साखर. कोलंबियात ती ‘पनेला’, ब्राझीलमध्ये ‘रापादुरा’, जपानमध्ये ‘कोकुतो’. ही चार नावं टाकल्यावर चुलाणाच्या रचनेपासून रस निवळण्याच्या पद्धतींपर्यंत इतकं साहित्य निघालं की त्याला विषय आवळून घ्यावा लागला. एकाच वस्तूची वेगवेगळी नावं आणि एकाच नावाच्या वेगवेगळ्या वस्तू यांचा हिशोब ठेवणं हे ग्रंथालयशास्त्राचं मूळ काम. तुमचा विषय आम्हाला कळत नसेलही, पण त्याची नावं कशी शोधायची ते कळतं. हवं ते पुस्तक आपल्याकडे नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून घेता येतं. त्यासाठी ग्रंथालयांची जाळी आहेत, दिल्लीतलं डेलनेट त्यापैकीच एक.

शिक्षकांना मदत कोण करणार?

शाळेत शिकवायला डी.एड. किंवा बी.एड. लागतं. विद्यापीठात शिकवायला नेट-सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात खरे, पण वर्गात उभं राहून शिकवण्याचा सराव कुणी करून घेत नाही. पहिल्याच वर्षी साठ-सत्तर मुलांसमोर उभा राहिलेला प्राध्यापक आपल्याला कसं शिकवलं गेलं ते आठवतो आणि तसंच शिकवतो. त्याला मदत लागते, पण मागायची कशी? विद्यार्थ्याला लाज वाटते त्याच्या दुप्पट शिक्षकाला वाटते. एका ज्येष्ठ सरांनी दार लोटून घेऊन मला संदर्भ-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर शिकवायला सांगितलं होतं. दोन दुपारींत ते शिकले आणि नंतर त्यांनी स्वतः आपल्या विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतली. मला त्यांचा फार आदर वाटतो.

शिक्षकांसाठी उद्बोधन आणि उजळणी वर्ग ही जुनी सोय आहे. २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालते आणि त्यातले बरेच वर्ग ऑनलाईन असतात. पण रोजची गरज वेगळी असते. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाईन मंचावरचा कुठला अभ्यासक्रम आपल्या विषयाला जोडून क्रेडिट देता येईल, प्रश्नपत्रिकेत पाठांतराखेरीज काय विचारता येईल, लेख पाठवायचं जर्नल खरं की खोटं, हे प्रश्न रोजचे.

शेवटचा प्रश्न आता जास्तच गंभीर झाला आहे. यूजीसीची विश्वासार्ह जर्नल्सची ‘केअर’ यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली. पूर्वी यादीत नाव आहे का एवढं बघून लोक निश्चिंत व्हायचे. आता जर्नलची पारख आपली आपणच करायची. ‘चार दिवसांत छापून देतो, इतके पैसे पाठवा’ असा मेल आला की थांबा. संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या त्या विद्यापीठांत आहेत का, जुने अंक उघडतात का, स्कोपसमध्ये (संशोधन लेखांची एक आंतरराष्ट्रीय सूची) असल्याचा दावा स्कोपसच्या स्वतःच्या यादीत खरा ठरतो का, हे तपासायला अर्धा तास लागतो. एकट्याने जमत नसेल तर ग्रंथालयात येऊन करा. पैसे आणि लेख दोन्ही गेल्यावर आलेल्या माणसाला काय सांगावं ते आम्हालाही सुचत नाही.

बाकीच्या काही सोयी थोडक्यात. दिव्यांग विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि लेखनिकासाठी पात्र असलेल्या विद्यार्थ्याला तासामागे किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. अर्ज मात्र परीक्षेच्या बराच आधी द्यावा. निकालाबद्दल शंका असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच परिपत्रक वाचा. अन्याय झाला असं वाटत असेल तर २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करता येतं. मन फारच जड झालं असेल तर समुपदेशकाकडे जा, आणि रात्री-बेरात्री कुणीच नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.

राहिलं एक, मदत मागायला येताना कसं यायचं. ‘सर, माझ्या विषयावर काहीतरी द्या’ एवढ्याने आम्हाला काही करता येत नाही. विषय एका वाक्यात लिहून आणा. आतापर्यंत कुठे शोधलं आणि काय शब्द टाकले ते आणा, फसलेला शोधही आणा, तो आम्हाला सगळ्यात उपयोगी पडतो. किती दिवसांत हवं ते सांगा. मोबाईलमध्ये फोटो असले तरी चालतील. इंग्रजीत विचारायची गरज नाही.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये या. बाहेर पाऊस असतो, वाचनकक्षात जागा असते, आणि एकेका विद्यार्थ्यासोबत तासभर बसता येतं. मार्च-एप्रिलमध्येही आम्ही नाही म्हणणार नाही, पण तेव्हा टेबलासमोर रांग असते आणि प्रत्येकाला दहा मिनिटंच मिळतात.